साडूची साक्ष

टाइल्सचं शोरूम बंद पडलं आणि भाऊजी घरी बसले. घरी बसले म्हणजे खरोखर बसले असते तरी चाललं असतं. पण आयुष्यभर गिऱ्हाइकांशी बोललेला माणूस, त्याला गप्प बसवेना. फ्रिजमध्ये दूध कुठल्या फळीवर असावं, कपडे कुठल्या क्रमाने वाळत घालावेत, यावर ते बायकोला सल्ले देऊ लागले. शेवटी बायको आपल्या धाकट्या बहिणीकडे गेली आणि म्हणाली, "घे गं बाई त्यांना तुझा मॅनेजर म्हणून. नाहीतर मी वेडी होईन."

घरात या दोघी बहिणींना थोरली आणि धाकटी असंच म्हणत. धाकटी लहानपणापासून चर्चमध्ये गात आली होती. ती उभी राहिली की खोकणारे खोकला गिळत, आणि पाळकसाहेबांच्या उपदेशात हमखास पेंगणारे म्हातारे टक्क जागे होत. या सगळ्याबद्दल तिला आजवर एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं, आणि "देवाने तुला मोठं दान दिलंय" हे वाक्य दर नाताळाला. भाऊजींचं म्हणणं असं की दान देवाने दिलं हे खरंच, पण मार्केटिंग त्याने माणसांवर सोडलेलं दिसतंय.

"तुम्हाला सुरातलं काही कळतं का?" थोरलीने विचारलं.

"मला फरशी बसवता येत होती का? तरी जन्मभर विकली ना?"

थोरलीने विषय सोडून दिला. धाकटीनेही बहिणीचं तोंड पाहून फार ताणलं नाही. आठवड्याभरात कार्डं छापून आली. त्यावर 'सुवार्ता-गायिका' हे शब्द बारीक होते आणि 'मॅनेजर' हा शब्द ठळक होता. छापणाऱ्याची चूक, असं भाऊजी सगळ्यांना सांगत आणि कार्ड देत सुटत.

धंदा त्यांनी भराभर शिकून घेतला. पहिला धडा असा की या लाइनीत 'फी' म्हणायचं नाही. 'फी' म्हटलं की समोरचा असा दचकतो, जणू आपण चर्चमध्ये बूट विकायला काढलेत. इथे पैशाला प्रेमदान म्हणायचं, सहभाग म्हणायचं, कार्याला हातभार म्हणायचं. आणि घासाघीस तर मुळीच करायची नाही. त्यासाठी प्रार्थना आहे.

हे त्यांना एका चर्चच्या खजिनदाराने शिकवलं. दोघं समोरासमोर बसले होते. बोलणं रकमेपाशी येताच खजिनदार म्हणाले, "आधी आपण डोळे मिटू या."

डोळे मिटले.

"हे दयाळू पित्या," खजिनदार म्हणाले, "तू जाणतोस, आमच्या चर्चची मंडळी लहान आहे आणि छत गळतंय."

भाऊजींनी एक डोळा किलकिला करून वर पाहिलं. छत ठणठणीत होतं. मग त्यांच्याही लक्षात आलं, इथे खेळ कसा आहे.

"हे पित्या," ते म्हणाले, "तू हेही जाणतोस की कीबोर्डवाल्याला आणि ड्रमवाल्याला घरी लेकरंबाळं आहेत. आणि पेट्रोल किती महागलंय ते तुझ्यापासून लपलेलं नाही."

"प्रभू, मागच्या वर्षी जी भगिनी निम्म्या सहभागात गाऊन गेली, तिला आशीर्वाद दे."

"दे प्रभू. आणि त्या दिवशी तिचा घसा बसला होता, तोही बरा कर."

खजिनदारांनी खुर्ची पुढे ओढली.

"प्रभू, आमच्या या बंधूच्या हृदयाला स्पर्श कर."

"यांच्याही कर, प्रभू. थोडा जोरात कर."

असं करत करत दोघं एका आकड्यावर आले, एकदमच 'आमेन' म्हणाले आणि डोळे उघडून एकमेकांकडे निर्मळपणे हसले. कोणी घासाघीस केली असं कोणाच्या बापाला म्हणता आलं नसतं. बाहेर बाकावर बसलेल्या धाकटीने विचारलं, "काय ठरवलंत?"

"मी कुठे काय ठरवलं?" भाऊजी म्हणाले. "वरून आलं."

वर्षभरात कार्यक्रम वाढले. धाकटीचे व्हिडिओ लोक एकमेकांना पाठवू लागले. भाऊजींनी दुसरा फोन घेतला आणि दोन्ही फोन एकाच वेळी वाजले की ते मनातून खुलत. शोरूममध्ये मालक त्यांना 'ए फरशी' म्हणून हाक मारायचा. इथे लोक 'मॅनेजरसाहेब' म्हणत. माणसाला एवढं पुरतं. पण भाऊजींना आणखी हवं होतं. त्यांना महासभा हवी होती.

महासभा म्हणजे मोठ्या मैदानावरचा तीन दिवसांचा मेळावा. तिचे संयोजक काचेच्या ऑफिसात बसत. आत एसी इतका थंड, की आलेला माणूस आपोआप नम्र होऊन हात बगलेत धरून बसे. संयोजकांनी धाकटीचा व्हिडिओ अर्धा मिनिट पाहिला आणि बंद केला.

"आवाज छान आहे. साक्ष काय आहे?"

साक्ष म्हणजे आपण कसे वाया गेलो होतो आणि देवाने आपल्याला कसं वर काढलं, हे चारचौघांत सांगणं. भाऊजींना शब्द माहीत होता, पण धंद्यात त्याचा भाव माहीत नव्हता.

"साक्ष म्हणजे… गाते ना ती."

"गाणारे बाहेर रांगेत बसलेत." संयोजक पुढे वाकले. "हे बघा, आम्ही अंदाजाने काही करत नाही. आम्ही खुर्च्यांवर टिश्यूची खोकी ठेवतो आणि नंतर किती रिकामी झाली ते बघतो. गाण्याला दोन-तीन खोकी जातात. उपदेशाला एखादं, तेही लोक घाम पुसतात म्हणून. साक्षीला ढीग पडतो ढीग! तर बाई पडल्या होत्या का कधी? दारू, नशा, तुरुंग? निदान घटस्फोट?"

"नाही हो." भाऊजींनी मान खाली घातली. "सुखी आहेत."

"अरेरे," संयोजक मनापासून म्हणाले.

भाऊजी तिथून थेट धाकटीच्या घरी गेले. ती स्वयंपाकघरात मटार सोलत होती. ते समोर बसले आणि दोन दाणे तोंडात टाकून म्हणाले, "आठव. काहीतरी पाप केलंच असशील."

धाकटीने प्रामाणिकपणे आठवलं. "शाळेत एका मैत्रिणीची रंगपेटी आणली होती. परत केली नाही."

"चोरी! वा. पुढे?"

"पुढे काय? माझी छत्री तिच्याकडेच राहिली."

"दुसरं काही? मोठं आजारपण?"

"ॲसिडिटी."

"कोणाबद्दल द्वेष? मत्सर? मनात काळेकुट्ट विचार?"

"येतात कधी कधी," धाकटी शेंग मोडत म्हणाली. "तुमच्याबद्दल."

"ते स्टेजवर चालणार नाही."

तेवढ्यात साडू घरी आले. साडू म्हणजे धाकटीचा नवरा, आणि या नात्याने भाऊजींचा साडू. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर ते लोकांच्या डोळ्यांवर भिंगं बदलत आणि "हे स्पष्ट की हे?" एवढंच विचारत. लोक सांगत, ते लिहून घेत. धाकटीच्या कार्यक्रमांना पहिल्या रांगेत तिची पर्स आणि पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसत, आणि त्यांना कोणी कधी काही विचारल्याचं कोणाच्या ऐकिवात नव्हतं. आताही ते हात धुऊन मुकाट्याने मटार सोलायला बसले. भाऊजी त्यांच्याकडे बघत राहिले. मोडकळीला आलेलं न्हाणीघर बघताना त्यांच्या डोळ्यांत जशी चमक यायची, तशी आली.

"काय हो, तुम्ही कधी प्यालात?"

"पाणी?"

"दारू!"

साडूंनी विचार केला. "एकदा. मित्राच्या लग्नाच्या पार्टीत. अर्धा ग्लास बिअर. मग नवरदेवाच्या बुटांवर उलटी झाली."

"म्हणजे आहारी गेला होतात!"

"नाही हो. घरी गेलो."

"भाऊजी," धाकटीने हातातली शेंग खाली ठेवली, "खोटं बोलायचं नाही हं."

"खोटं कुठे आहे यात? हे प्याले का? प्याले. पस्तावले का? बुटांमुळे का होईना, पस्तावले. परत दारूला शिवले का? नाही. सगळं खरं आहे. फक्त मधला काळ थोडा लांबवायचा."

"मुळीच नाही," धाकटी म्हणाली.

"एकदा बघू का करून?" साडू म्हणाले.

दोघांनी दचकून त्यांच्याकडे पाहिलं. साडूंचे कान लाल झाले होते. लग्नाला इतकी वर्षं झाली, नवऱ्याने आपणहून काही मागितलं असं धाकटीला आठवत नव्हतं.

पहिली साक्ष एका मध्यम हॉलमध्ये झाली. भाऊजींनी साडूंकडून भाषण घोकून घेतलं होतं. माइकसमोर उभे राहताच साडू ते सगळं पार विसरले. "मी… प्यालो होतो," ते म्हणाले, आणि गप्प झाले. समोर चारशे चेहरे. "मला… फार वाईट वाटलं." आणि निव्वळ भीतीने त्यांना रडू फुटलं.

अख्खा हॉल रडला. मागे उभे असलेले भाऊजी टिश्यूंचे बोळे बघत राहिले. त्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण ते आनंदाचं.

त्यानंतर साडू थांबेनात. अर्ध्या ग्लासाचा ग्लास झाला, ग्लासाची बाटली झाली, आणि दोन महिन्यांत साडू गटारात पोचले. पाचव्या की सहाव्या कार्यक्रमात त्यांनी घरातली भांडी एकेक करून विकली. मागे उभ्या धाकटीला आपला कुकर डोळ्यांसमोर दिसत होता. सकाळीच त्यात भात लावून ती आली होती. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, हे साडूंना बरोबर जमू लागलं. त्यांनी पांढरा कोट शिवून घेतला. घशासाठी धाकटीच्या डबीतल्या गोळ्या घेऊ लागले, आणि एकदा तर माइकवाल्यावर ओरडले. पोस्टरवर आधी धाकटीचा मोठा फोटो असे आणि साडू नसतच. मग ते कोपऱ्यात आले. मग शेजारी. आता ते मधोमध होते आणि धाकटी त्यांच्या खांद्यामागे, हात जोडून.

घरी साडूंची आई होती. तिच्या कानावर हे एका शेजारणीने घातलं. म्हातारीने लेकाला समोर उभं केलं. "अरे मेल्या, तू प्यालास कधी? रोज जेवलास की भिंतीला टेकून घोरायचास!"

"आई, ती आतली अंधारी रात्र होती."

"आतली? आतल्या खोलीत तर मी झोपायचे!"

शेजारणी धाकटीचा हात हातात घेऊन म्हणत, "एवढं सोसलंस, आणि चेहऱ्यावर कधी दिसू दिलं नाहीस." एकीने तर हळूच विचारलं, "मारायचे का गं?" धाकटीने खरं सांगायचा प्रयत्न केला, तर ती म्हणाली, "झाकतेस अजून. देव तुला बळ देवो."

एका संध्याकाळी कार्यक्रमापूर्वी धाकटीने भाऊजींना गाठलं. "आज मी किती गाणी म्हणायची?"

"एक. आणि शेवटी एक अर्धं, लोक बाहेर पडताना. मागे काहीतरी वाजत असलं की बरं वाटतं."

ती नुसती बघत राहिली. भाऊजींना ती नजर सहन होईना, म्हणून त्यांनी खिशातून फोन काढला. तो वाजत नव्हता, तरी कानाला लावला.

महासभेचं आमंत्रण आलं ते साडूंच्या नावाने. 'आणि सौभाग्यवती' असं पुढे होतं. भाऊजी ती बातमी घेऊन चष्म्याच्या दुकानात गेले तेव्हा काउंटरसमोर एक जोडपं उभं होतं. बाई कारखान्याच्या गणवेशात होती, बहुधा पाळीवरून थेट आलेली. पुरुष धिप्पाड, अंगात धुतलेला शर्ट, दोन्ही हात खिशात.

"तुमची साक्ष ऐकून आलोय," बाई म्हणाली. "यांना तुमच्याशी बोलायचंय."

पुरुषाने हात खिशातून काढून काउंटरच्या काचेवर ठेवले. हात थरथरत होते. काचेखालच्या फ्रेमा किणकिण वाजू लागल्या.

"एकच विचारायचंय," तो म्हणाला. "मी चार वेळा सोडली. दरवेळी तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागतात. अंगावर येतात. मग मी परत घेतो. तुम्हाला काय दिसायचं? आणि तिसऱ्या दिवशी तुम्ही काय केलंत?"

साडूंनी भाऊजींकडे पाहिलं.

"प्रार्थना!" भाऊजी मध्येच म्हणाले.

त्या माणसाने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "ती करतो मी. किडे असताना पण करतो. तुम्ही तिसऱ्या दिवशी काय केलंत, तेवढं सांगा."

साडूंनी एक भिंग उचललं, फडक्याने पुसलं, पुन्हा पुसलं. "मला… माहीत नाही," ते म्हणाले.

त्या माणसाने मान हलवली. "कळलं. ते दिवस आठवायला नको वाटत असतील." आणि काउंटरवरून हात लांब करून त्याने साडूंच्या खांद्यावर थोपटलं. "राहू द्या. मी उगीच विचारलं." बाईने जाताना 'देव तुमचं भलं करो' म्हटलं. ते तिने मनापासून म्हटलं होतं.

दोघं गेल्यावर साडूंनी शटर अर्धं खाली ओढलं आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसले.

"त्याला किडे दिसतात हो."

"दिसत असतील," भाऊजी म्हणाले.

"आणि तो माझी समजूत घालून गेला." साडूंचा आवाज चिरकला, आणि या वेळी तो त्यांनी चिरकवला नव्हता. "मी बुटांवर ओकलो होतो, साडूभाऊ. बुटांवर!"

भाऊजींनी त्यांच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला. पण महासभा दहा दिवसांवर आली होती. "एवढी एक होऊ द्या," ते म्हणाले. "मग बघू काय ते."

महासभेला मैदान गच्च भरलं होतं. साडू पांढरा कोट न घालता, दुकानातल्या रोजच्या शर्टात आले तेव्हाच भाऊजींना शंका यायला हवी होती. त्यांना वाटलं, साधेपणाही चालेल. पडद्याच्या कडेला ते संयोजकांशेजारी उभे राहिले.

"मी तुम्हाला आजवर जे सांगितलं ते खोटं आहे," साडू माइकवर म्हणाले. "मी आयुष्यात एकदाच अर्धा ग्लास बिअर प्यालो. गटार नाही, भांडी नाही. माझ्या बायकोने मला कधी ओढून घरी आणलं नाही. मीच रोज तिच्या आधी घरी असायचो. माझ्या दुकानात एक दादा आले होते. त्यांचे हात कापत होते. त्यांना मदत हवी होती आणि माझ्याकडे नुसती नक्कल होती. दादा, तुम्ही इथे असाल तर ऐका, मला काही माहीत नाही. आपण डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर—"

संयोजकांनी साउंडवाल्याकडे बघून गळ्यावरून बोट फिरवलं. माइक बंद झाला. साडू बोलतच राहिले, पण आता पहिल्या दोन रांगांपलीकडे काही पोचत नव्हतं. पुढचे लोक चिडून उभे राहिले. मधल्यांना वाटलं, भारावून उभे राहिले, म्हणून तेही उभे राहून टाळ्या वाजवू लागले. अगदी मागे कोणीतरी विचारलं, "काय म्हणाले?" तर शेजारचा रुमालाने डोळे पुसत म्हणाला, "आधी सांगितलं त्याहून जास्त प्यायचे म्हणे."

या गोंधळात धाकटी पुढे आली आणि तिने माइकशिवायच गायला सुरुवात केली. कीबोर्डवाल्याने चाचपडत सूर धरला. ती कशी गायली हे भाऊजींना पुढे अनेकांनी सांगितलं. ऐकायला ते तिथे नव्हतेच. संयोजकांनी त्यांना कॉलरला धरून तंबूमागे नेलं होतं, आणि या वेळी कोणी डोळे मिटले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मोठ्या जागांचे कार्यक्रम एकेक करून रद्द झाले. भाऊजी दोन्ही फोन घेऊन धाकटीच्या घरी गेले. ती आरडाओरडा करील, या तयारीने गेले होते, आणि त्याला द्यायची उत्तरंही वाटेत जुळवली होती. तिने चहा केला.

"उद्यापासून फोन मी घेईन, भाऊजी," ती म्हणाली.

एवढंच. जुळवलेली उत्तरं तशीच राहिली. त्यांनी कामाचा फोन टेबलावर ठेवला, चहा संपवला आणि घरी आले. थोरलीने काही न विचारता पान वाढलं. भाऊजींना ते विचारण्यापेक्षा जड गेलं.

महिन्याभराने संयोजकांचाच फोन आला, भाऊजींच्या स्वतःच्या नंबरावर. आवाजात लोणी.

"झालं गेलं गंगेला मिळालं म्हणा. मला सांगा, तुमच्या साडूला हे सगळं शिकवलं कोणी?"

"मी," भाऊजी चाचरत म्हणाले.

"म्हणजे पवित्र गोष्टीचा बाजार मांडणारे मॅनेजर तुम्हीच! अहो, यासारखी साक्ष कुठे मिळणार? वीस मिनिटं देतो."

भाऊजी तयार झाले. कशाने झाले, हे त्यांचं त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. थोडा स्टेजचा मोह होता. पण थोडं असंही होतं, की कोणापुढे तरी हे बोलून टाकावं. थोरली म्हणाली, "जा. पण मीठमसाला लावू नका."

त्यांनी लावला नाही. मेहुणीचा आवाज चांगला होता, तो मला पुरला नाही. साडूंना खोटं बोलायला मी लावलं. एक आजारी माणूस मदत मागायला आला आणि मी तारीख बघत होतो. मला 'साहेब' म्हणवून घ्यायला आवडायचं. सांगायला लागल्यावर सगळं चार मिनिटांत संपलं. पुढे काय बोलावं सुचेना, म्हणून ते "बस, एवढंच" म्हणून खाली उतरले. कोणी रडलं नाही. पहिल्या रांगेतल्या एका बाईंनी टिश्यू काढून चष्मा पुसला.

"पश्चात्ताप झाला असेल तुम्हाला," संयोजक उतरत्या आवाजात म्हणाले, "पण तो दिसत नाही. यात एखादं आजारपण घालता येईल का? निदान बायको सोडून गेली होती वगैरे?"

"ती घरी वाट बघतेय," भाऊजी म्हणाले आणि निघाले. प्रेमदानाचं पाकीट घ्यायचं राहिलं हे त्यांना बसमध्ये बसल्यावर आठवलं. परत जावंसं फार वाटलं. पण बस सुटली होती, आणि ते उतरले नाहीत.

धाकटीला आता लहान चर्चमधून बोलावणी येत. पैशाचं काय ते ती फोनवर सरळ सांगे. काहींना परवडे, काहींना नाही. साडू दर शनिवारी हॉस्पिटलच्या व्यसनमुक्तीच्या बैठकीला जात. महासभेनंतर पुन्हा दुकानात आलेल्या त्या धिप्पाड माणसाला ते आत सोडत आणि बाहेर बाकावर त्याची पिशवी मांडीवर घेऊन बसत. तो दोनदा परत घसरला होता. साडू तिसऱ्यांदा त्याला घेऊन गेले होते.

एका शनिवारी कार्यक्रम आला आणि कीबोर्ड उचलायला कोणी नव्हतं. धाकटीने भाऊजींना फोन केला. "याल का? नुसतं उचलायचंय. बोलायचं कोणाशी काही नाही."

ते गेले. हॉलचा माइक बिघडलेला होता, खुर्च्यांची संख्या बघायचं कारण नव्हतं, कोणाला कार्ड द्यायचं नव्हतं. कीबोर्ड जागेवर ठेवल्यावर भाऊजींना करायला काही म्हणजे काही उरलं नाही. शेवटी ते मागच्या एका अरुंद बाकावर, एका जाडजूड बाईंशेजारी अंग चोरून बसले. धाकटीने दोन ओळी म्हटल्या आणि सगळ्यांना आपल्यामागून म्हणायला सांगितलं. बाईंनी आपलं गाण्याचं पुस्तक दोघांना दिसेल असं मध्ये धरलं.

भाऊजींनी जन्मात कधी गायलं नव्हतं. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे आणि कुठल्याच सुरात न बसणारी. बाईंनी चमकून वळून पाहिलं. भाऊजींनी आवाज थोडा खाली आणला, पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं आणि गात राहिले.